तळवा वर करा

रानडुकरांपासून धान राखायला रात्री बांधीभोवती करंटची तार टाकायची, ही चंद्रपूर-गडचिरोलीकडची बेकायदेशीर पण मुरलेली सवय. त्या तारेत वाघ सापडतात, कधी तार टाकणाराही. वाचलेला माणूस दवाखान्यात येतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष छातीकडे आणि भाजलेल्या बोटांकडे. हात त्याने पोटाशी आवळून धरलेला असतो. खांदा मागे निखळलेला असतो, पण तो मुका मार म्हणून राहून जातो.

हे दुखणं विजेच्या आधीचं आहे. लंडनच्या ॲस्टली कूपर यांनी १८३९ मध्ये मिरगीच्या रुग्णाचा मागे निखळलेला खांदा नोंदवला, तेव्हा घरात विजेचा दिवा नव्हता. मिरगी काय नि करंट काय, खांद्याचे सगळे स्नायू एकदम आवळतात. हात आत वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्यांपेक्षा दांडगे. म्हणून हाडाचा गोळा मागे सरकतो, खोबणीच्या कडेत रुततो आणि त्याला पुढच्या बाजूने खाच पडते. त्यासाठी माणूस पडायलाच हवा असं नाही.

या खाचेवरचा इलाज न्यूयॉर्कच्या हॅरिसन मॅकलॉक्लिन यांनी १९५२ मध्ये मांडला, तो निव्वळ सुतारकाम वाटतो. खांद्यापुढच्या स्नायूची दोरी हाडावरून सोडवायची आणि थेट खाचेत शिवायची. खाच बुजली की गोळा पुन्हा कडेत अडकत नाही. त्याच शहरातल्या चार्ल्स नीर यांनी पुढे दोरीबरोबर तिच्या बुडाचा हाडाचा तुकडाही उचलला. हाडाला हाड लवकर धरतं. खाच लहान आणि दुखणं ताजं असेल तर भूल देऊन नुसता सांधा बसवला तरी भागतं. निम्मा गोळा गेला, किंवा महिनोन्‌महिने उलटले, की कृत्रिम सांधा.

पण हा इलाज गाठायचा कुठे? चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. इथून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची थेट वाहिनी जाते. वैद्यकीय महाविद्यालय यायला मात्र २०१५ उजाडलं. त्याआधी मोठ्या ऑपरेशनला नागपूर, आणि भामरागडच्या माणसाला नागपूर म्हणजे परदेशच.

तरी अंतरापेक्षा घात करतो तो पहिला फोटो. समोरून काढलेल्या एक्स-रेत हा गोळा जागेवरच असल्यासारखा दिसतो.

तेव्हा करंट लागलेल्या माणसाला हात पुढे करून, तीर्थ घेताना करतो तसा, तळवा वर करायला सांगा. होत नसेल तर काखेकडून दुसरा फोटो मागा, आणि तोवर हाडवैद्याला हात ओढू देऊ नका.