वाद आणि अदब : अलीगढ-देवबंदच्या इतिहासातील एक धडा



आपल्याच घरातला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. मूल शाळेतून येते. विज्ञानाच्या तासाला पृथ्वीच्या जन्माविषयी, सजीवांच्या उत्पत्तीविषयी काही शिकवलेले असते. संध्याकाळी मौलवीसाहेबांकडे सबक घेताना त्याच विषयावर काही वेगळे कानावर पडते. रात्री जेवताना मूल विचारते, "अब्बा, यातले खरे काय?" आपण काय करतो? पुष्कळ घरांत "असले प्रश्न विचारू नयेत, गुनाह होतो," एवढे सांगून विषय मिटवला जातो. मूल गप्प बसते. पण त्याच्या मनातला प्रश्न गप्प बसत नाही.

हा प्रश्न आपल्या मुलालाच प्रथम पडला आहे असे समजू नका. इस्लामी श्रद्धा आणि त्या त्या काळचे नवे ज्ञान यांचा मेळ कसा घालावा, हा वाद आपल्या इतिहासाइतकाच जुना आहे. अब्बासी खलिफांच्या काळात बगदादमध्ये ग्रीक तत्त्वज्ञानाचे ग्रंथ अरबीत आले, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. त्यातून 'इल्म-ए-कलाम' हे शास्त्र बहरले. इमाम गझाली (मृत्यू 1111) यांनी तत्त्वज्ञांच्या मतांचे खंडन करणारा ग्रंथ लिहिला. पुढे स्पेनमधील काझी इब्न रुश्द (मृत्यू 1198) यांनी त्या खंडनाचे खंडन लिहिले. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, गझालींनी आपल्या त्याच ग्रंथात बजावले आहे की, ग्रहणासारखी जी गोष्ट गणिताने सिद्ध झाली आहे ती धर्माच्या नावाने नाकारणारा माणूस धर्माचेच नुकसान करतो. नऊशे वर्षांपूर्वीच्या एका इमामाचे हे मत आहे!

मात्र आज मला आपल्यापुढे मांडायची आहे ती हकीकत आपल्याच देशातली, दीडशे वर्षांपूर्वीची आहे.

एक माणूस, दोन आघाड्या

1857 च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील मुसलमानांची स्थिती दयनीय झाली होती. दिल्ली उजाड झाली, सत्ता गेली, जुने आश्रयदाते गेले. अशा वेळी दिल्लीत 1817 साली जन्मलेले, कंपनी सरकारच्या न्यायखात्यात नोकरी केलेले सय्यद अहमद खान पुढे आले. पुढे 'सर सय्यद' म्हणून त्यांना सारा देश ओळखू लागला. 1864 मध्ये गाझीपूर येथे त्यांनी सायंटिफिक सोसायटी काढली. पाश्चात्त्य शास्त्रांचे ग्रंथ उर्दूत आणणे हे तिचे काम. थोड्याच काळात ती अलीगढला आली.

सर सय्यद एकाच वेळी दोन आघाड्यांवर लढत होते. एकीकडे विल्यम म्यूर यांच्यासारखे इंग्रज लेखक होते. म्यूर हे वायव्य प्रांताचे नायब गव्हर्नर, आणि त्यांनी हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांचे टीकात्मक चरित्र चार खंडांत लिहिले होते. इस्लाम हा प्रगतीच्या वाटेतला अडसर आहे, असा त्याचा रोख होता. सर सय्यद 1869 मध्ये इंग्लंडला गेले. त्यांनी तेथील ग्रंथालये धुंडाळली, पैशांसाठी मित्रांना पत्रे पाठवली आणि 1870 मध्ये लंडनमध्येच इंग्रजीतून उत्तर छापले. ज्या अंमलदाराच्या हाती प्रांताचा कारभार होता, त्याला ग्रंथाने उत्तर दिले. मोर्चा नाही, शिवीगाळ नाही. हे धैर्य लहान नव्हते.

दुसरी आघाडी घरातली होती. इंग्लंडहून परतताच, डिसेंबर 1870 मध्ये, त्यांनी 'तहजीब-उल-अखलाक' हे नियतकालिक सुरू केले. त्यांचा मुख्य सिद्धांत साधा होता. कुरआन हा अल्लाहचा शब्द आहे आणि सृष्टी हे अल्लाहचे कार्य आहे. शब्द आणि कार्य यांत विरोध असू शकत नाही. विरोध दिसत असेल तर आपल्या समजुतीत कोठेतरी चूक आहे. या सूत्राच्या आधारे त्यांनी चमत्कार, फरिश्ते, जिन्न यांविषयीच्या आयतींचे वेगळे अर्थ लावले. गुलामगिरीला इस्लामचा आधार नाही असे प्रतिपादन केले. 1884 मध्ये लाहोरच्या व्याख्यानात त्यांनी नव्या इल्म-ए-कलामची मागणी केली. आधुनिक शास्त्रांचे सिद्धांत एक तर खोडून काढा, नाही तर ते संशयास्पद आहेत हे दाखवा, नाही तर इस्लामशी त्यांचा मेळ घाला. गप्प मात्र बसू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

परिणाम काय झाला? 'नेचर'चा जप करणारा म्हणून त्यांना 'नेचरी' हे नाव पडले. कुफ्रचे फतवे निघाले. मक्का-मदिनेहूनही फतवे मागवण्यात आले. अकबर इलाहाबादींसारख्या कवींनी नव्या चालीरीतींची खिल्ली उडवली. तरीही 24 मे 1875 रोजी अलीगढला मदरसा सुरू झाला आणि 8 जानेवारी 1877 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या हस्ते मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसली.

देवबंदची बाजू

वाचकहो, येथे दुसरी बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. सर सय्यद यांचे सारेच विरोधक अडाणी होते असे म्हणणे हा इतिहासावर अन्याय होईल. देवबंदचा मदरसा 1866 मध्ये स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांत अग्रणी होते मौलाना मुहम्मद कासिम नानोतवी. त्यांचे गुरू मौलाना ममलूक अली हे दिल्ली कॉलेजात, म्हणजे इंग्रजांच्या अंमलाखालील कॉलेजात, अरबी शिकवीत असत. अशा गुरूच्या शिष्याला नव्या विद्येचे वारेच लागले नव्हते, असे कोण म्हणेल?

सत्ता गेल्यानंतर निदान दीनचे ज्ञान तरी शुद्ध राहावे, ते कोणा राजाच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, ही देवबंदची तळमळ होती. म्हणून तो मदरसा सामान्य माणसांच्या चंद्यावर चालला. शास्त्राचे सिद्धांत काळानुसार बदलतात. मग त्यांच्या मापाने कुरआनचा अर्थ दरवेळी बदलत बसायचा काय, हा या बाजूचा आक्षेप होता. तो आजही विचार करण्याजोगा आहे.

सर सय्यद आणि मौलाना नानोतवी यांच्यात श्रद्धांच्या प्रश्नांवर मध्यस्थामार्फत पत्रव्यवहार झाला आणि तो पुस्तकरूपाने छापलाही गेला. सर सय्यद यांनी आपली तत्त्वे कळवली. मौलानांनी मुद्देसूद उत्तरे दिली. मतभेद मिटले नाहीत. पण एकमेकांचे म्हणणे लेखी मागून, वाचून, मग उत्तर देण्याची ही रीत पाहा.

एप्रिल 1880 मध्ये मौलाना नानोतवी यांचे निधन झाले. त्या वेळी सर सय्यद यांनी आपल्या 'अलीगढ इन्स्टिट्यूट गॅझेट'मध्ये मृत्युलेख लिहिला. मौलानांशी ज्यांचे मतभेद होते तेही त्यांची विद्वत्ता, सचोटी आणि साधेपणा मान्य करीत, असे त्यांनी त्यात मोकळ्या मनाने नमूद केले. नुसते अश्रू ढाळून भागणार नाही, देवबंदचा मदरसा हे त्यांचे स्मारक आहे, ते टिकवणे सर्वांचे कर्तव्य आहे, असेही त्यांनी लिहिले. विचार करा, ज्या गोटातून आपल्यावर टीका होत होती, त्या गोटाची शाळा जगावी म्हणून हा माणूस लोकांना आवाहन करीत होता!

अलीगढनेही हाच मार्ग धरला. सर सय्यद यांनी आपली वादग्रस्त धार्मिक मते कॉलेजच्या धर्मशिक्षणात शिरू दिली नाहीत. सुन्नी व शिया विद्यार्थ्यांच्या धर्मशिक्षणाची व्यवस्था वेगवेगळी होती. पुढे 1893 मध्ये तेथील धर्मशिक्षणाची जबाबदारी मौलाना अब्दुल्लाह अन्सारी यांच्याकडे आली. ते कोण होते? मौलाना नानोतवींचे जावई!

हैदराबाद आणि पॅरिस

या वादाचा एक धागा आपल्याही मुलखाजवळून गेला आहे. आजचा मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे 1879 नंतर सय्यद जमालुद्दीन अफगाणी येऊन राहिले होते. त्यांनी तेथे फारसीतून नेचरी मतावर कडक हल्ला चढवणारे पुस्तक लिहिले. सर सय्यद यांचे इंग्रजधार्जिणे राजकारण त्यांना मुळीच पसंत नव्हते. पण हेच अफगाणी 1883 मध्ये पॅरिसला होते. तेथे अर्नेस्ट रेनाँ या फ्रेंच विद्वानाने सॉर्बोन विद्यापीठात व्याख्यान देऊन इस्लाम आणि विज्ञान यांचे वैर आहे असे प्रतिपादन केले. अफगाणींनी तेथील वृत्तपत्रातून उत्तर दिले. धर्माच्या नावाने विज्ञानाची गळचेपी झाली हे त्यांनी नाकारले नाही. पण हा दोष एकट्या इस्लामचा नाही, ख्रिस्ती समाजही त्यातून गेला आहे, आणि मुसलमानही एक दिवस त्यातून बाहेर पडतील, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. हैदराबादेत परंपरेच्या बाजूने बोलणारा हा माणूस पॅरिसमध्ये बुद्धीच्या बाजूने बोलला. म्हणून कोणालाही 'सुधारक' किंवा 'सनातनी' अशी एकच चिठ्ठी चिकटवून मोकळे होऊ नये.

मुंबईचा अनुभव

आपल्या मुंबईत 1874 मध्ये अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांपैकी बॅ. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी 1887 मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. सर सय्यद काँग्रेसचे विरोधक. दोघांत 1888 मध्ये पत्रे झडली आणि मतभेद कायम राहिले. सर सय्यद 1898 मध्ये वारले. त्यांनीच 1886 मध्ये सुरू केलेल्या मुस्लिम शैक्षणिक परिषदेचे अधिवेशन 1903 मध्ये मुंबईत भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी होते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी! राजकारणातला विरोध तालीमच्या आड आला नाही.

थोरांच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. मुलींच्या शाळांसाठी अजून वेळ आलेली नाही, आधी मुलगे शिकू द्या, असे सर सय्यद यांचे मत होते. 1882 च्या शिक्षण आयोगापुढेही त्यांनी तेच सांगितले. ते मत त्यांच्याच अलीगढने बाजूला ठेवले. शेख अब्दुल्लाह आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी 1906 मध्ये तेथे मुलींची शाळा काढली. 1920 मध्ये कॉलेजचे विद्यापीठ झाले, तेव्हा पहिल्या कुलपती झाल्या भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम. आणि 2024 मध्ये प्रा. नईमा खातून या तेथील पहिल्या महिला कुलगुरू झाल्या. गुरूचा आदर ठेवून गुरूची चूक सुधारता येते, याचा हा पुरावा आहे.

त्याच 1920 सालच्या ऑक्टोबरमध्ये अलीगढला जामिया मिल्लिया इस्लामियाचा पाया घातला गेला. तो समारंभ देवबंदचे शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते झाला. ते मौलाना नानोतवींचे शिष्य. माल्टातील कैदेतून सुटून आलेले, आजाराने खंगलेले हे वृद्ध आलिम नव्या विद्यापीठाला दुआ देण्यासाठी अलीगढला गेले, आणि पुढच्याच महिन्यात वारले.

आपण काय घ्यावे?

वाचकहो, या इतिहासाचा निकाल काय लागला? सर सय्यद यांची तफसीर बहुसंख्य मुसलमानांनी स्वीकारली नाही, पण त्यांचे कॉलेज स्वीकारले. देवबंदचा मदरसाही टिकला. ज्यांनी एकमेकांना उत्तरे दिली, त्या दोघांच्याही शाळा उभ्या राहिल्या. नुकसान झाले ते वादाच्या भीतीने ज्यांनी आपली मुले घरी बसवली त्यांचे.

आज मुलांच्या हातात मोबाईल आहे. त्यावर एक जण सांगतो, विज्ञान शिकलात की ईमान गेले. दुसरा सांगतो, ईमान ठेवाल तर आधुनिक जगात तुम्हाला जागा नाही. दोघांचाही आवाज मोठा आहे, पण दोघांपैकी कोणी पुस्तक उघडत नाही. आपण घरात गप्प राहिलो, तर आपली मुले त्यांच्याकडेच जातील.

म्हणून पालकांना विनंती आहे, मुलाने प्रश्न विचारला तर त्याला रागावू नका. उत्तर ठाऊक नसेल तर "मला ठाऊक नाही, चल, मौलवीसाहेबांनाही विचारू आणि गुरुजींनाही विचारू," असे म्हणा. त्यात बापाचा किंवा आईचा मान कमी होत नाही. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही वाद जरूर करा. पण आधी समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत समजून घ्या. सूरह नहलमध्ये वाद उत्तम रीतीने करण्याची आज्ञा आहे, हे विसरू नका. कोणाच्या ईमानाचा निवाडा करणे हे आपले काम नाही. तो हिशेब अल्लाहकडे आहे. आपले काम शिकण्याचे आहे.

पहिल्या वहीची सुरुवातच 'वाचा' या आज्ञेने झाली. ती आज्ञा पाळणारे घर प्रश्नांना भिणार नाही. अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो, आणि इल्मबरोबर अदबही देवो. आमीन.