निवृत्तीनंतरचा आरोग्य विमा: 'बीपीचं लिहू नका, बाकी मी बघतो' म्हणणाऱ्या एजंटचं का ऐकायचं नाही?

निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळतं, ग्रुप फोटो निघतो आणि बहुतेक खासगी नोकऱ्यांमध्ये त्याच सुमारास कंपनीनं दिलेल्या मेडिक्लेमचं छत्रही डोक्यावरून जातं. मग घरातलं कुणीतरी इंटरनेटवर 'पालकांसाठी आरोग्य विमा' असं शोधतं, प्रीमियम किती ते बघण्यासाठी मोबाइल नंबर टाकतं आणि थोड्याच वेळात फोन सुरू होतात. 'सर, आजच घेतलं तर जुना रेट.' 'मॅडम, बाबांचं वय बदलायच्या आत करून टाका.' आणि साठीनंतर सगळ्यात महागात पडणारं वाक्य: 'बीपी-शुगरचं फॉर्ममध्ये लिहायची गरज नाही, बाकी मी बघतो.'

यातलं 'वय बदलायच्या आत' हे पूर्ण खोटं नाही. प्रीमियम वयोगटानुसार ठरतो, त्यामुळे एका वाढदिवसानं फरक पडू शकतो. पण त्या फरकाची रक्कम किती, हे ईमेलवर लिहून मागितलं की बऱ्याचदा घाई ओसरते.

बीपीच्या वाक्याची गोष्ट वेगळी आहे.

फॉर्म कोण भरतं, सही कुणाची असते?

आरोग्य विम्याचा करार प्रपोजल फॉर्मवर उभा असतो. आधीचे आजार, ऑपरेशन, चालू असलेली औषधं, सिगारेट-तंबाखू, सगळं त्यात विचारलेलं असतं. पूर्वी हा फॉर्म कागदावर असायचा. आता तो अनेकदा एजंटच्या टॅबवर भरला जातो आणि ग्राहकाच्या मोबाइलवर एक ओटीपी येतो. 'तो ओटीपी सांगा, झालं काम.' तो ओटीपी म्हणजेच सही. एजंटनं सगळ्या आजारांसमोर 'नाही' लिहिलं असेल, तरी ती माहिती ग्राहकानं दिली असंच धरलं जातं. नंतर पडताळणीचा फोन येतो. तो रेकॉर्ड होतो. त्याआधी एजंट सांगून ठेवतो, 'ते जे विचारतील त्याला फक्त हो म्हणा.'

दोन वर्षांनी हृदयाचा त्रास होतो. हॉस्पिटलच्या कागदांवर डॉक्टर पहिल्याच ओळीत लिहितात, '८ वर्षांपासून उच्च रक्तदाब.' हे डॉक्टरांना कुणी सांगितलं? खुद्द रुग्णानं किंवा त्याच्या मुलानं, उपचार नीट व्हावेत म्हणून. विमा कंपनी फॉर्म आणि केस पेपर शेजारी ठेवते आणि माहिती लपवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारते. अनेकदा पॉलिसीही रद्द होते. सत्तरीला टेकलेल्या आणि आता हृदयविकार असलेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळणं किती अवघड, हे वेगळं सांगायला नको. एजंटनं तोवर नंबर बदललेला असतो. नसला, तरी तो फोनवर काय म्हणाला होता याचा पुरावा कुणाकडेच नसतो.

यावर एक तयार उत्तर मिळतं: 'पाच वर्षं टिकवा, मग कंपनी काही विचारू शकत नाही.' यामागे खरा नियम आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, तर त्यानंतर माहिती न दिल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. २०२४ पूर्वी ही मुदत ८ वर्षांची होती. पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला हे संरक्षण नाही. मध्येच विम्याची रक्कम वाढवली, तर वाढीव रकमेसाठी ६० महिने नव्यानं मोजले जातात. आणि मुख्य म्हणजे ६५ ते ७० या पाच वर्षांत हॉस्पिटलची पायरी चढावीच लागणार नाही, या भरवशावर कुणी विमा घेत नसतं.

खरं लिहिलं तर काय होतं? प्रीमियम थोडा वाढू शकतो, कंपनी तपासण्या करायला सांगू शकते, त्या आजारासाठी वेटिंग पीरियड लागतो. हा वेटिंग पीरियड आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती. काही कंपन्या जादा पैसे घेऊन तो आणखी कमी करतात. काही वेळा कंपनी पॉलिसी द्यायलाच नकार देते. वाईट वाटतं, पण हा नकार आयसीयूच्या दाराशी न मिळता घरबसल्या मिळतो.

नवी पॉलिसी घेण्याआधी हातात काय आहे?

एजंट जे सहसा सांगत नाहीत ते हे. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा, म्हणजे मायग्रेशनचा पर्याय असतो. त्यात आधीच्या सलग वर्षांचं श्रेय वेटिंग पीरियडमध्ये मिळतं. कंपनी अटी घालू शकते किंवा प्रस्ताव नाकारू शकते, हे खरंच. पण वीस वर्षं ग्रुप पॉलिसीत काढून निवृत्तीनंतर शून्यापासून सुरुवात करायची, हा तोटा टाळता येण्यासारखा असतो. त्यासाठी एचआरशी बोलणं निवृत्तीच्या दोन-तीन महिने आधी व्हायला हवं. ग्रुप कव्हर संपल्यावर ही संधी बहुधा हातातून गेलेली असते.

वय ७० किंवा जास्त असेल, तर सरकारी योजनेचा पर्याय आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. 'आयुष्मान वय वंदना' या नावानं कार्ड निघतं, त्यासाठी आधार लागतं आणि जुन्या आजारांना वेटिंग पीरियड नाही. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येतं. केंद्र सरकारच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएससारख्या योजनेत असलेल्यांना मात्र दोन्हींपैकी एक निवडावी लागते. कार्ड फक्त योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात चालतं आणि ओपीडीचा खर्च त्यात येत नाही. म्हणून घराजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे, हे आजच पाहून ठेवलेलं बरं. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादाही ५ लाखांची झाली आहे.

वयाचं आणखी एक: १ एप्रिल २०२४ पासून '६५ नंतर नवा आरोग्य विमा नाही' ही जुनी अडचण नियमांतून गेली आहे. याचा अर्थ प्रत्येक कंपनी प्रत्येकाला पॉलिसी देईलच असा नाही. पण 'आत्ता नाही घेतली तर पुन्हा कधीच मिळणार नाही' असं म्हणणाऱ्याला हा नियम दाखवता येतो.

५ लाखांची पॉलिसी, मग सव्वा लाख खिशातून का?

तुलना करणाऱ्या वेबसाइटवर सगळ्यात ठळक असतात प्रीमियम आणि विम्याची रक्कम. ज्येष्ठांच्या पॉलिसीत खरा खेळ असतो त्याखालच्या बारीक अक्षरांत. दोन शब्द शोधायचे: रूम रेंटची मर्यादा आणि को-पे.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. पॉलिसी ५ लाखांची आहे. रूम रेंट दिवसाला ४,००० रुपयांपर्यंत आणि को-पे २० टक्के. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रुग्ण ४ दिवस ८,००० रुपयांच्या खोलीत राहिला. खोलीचे ३२,००० रुपये, डॉक्टर, भूल, नर्सिंग आणि ऑपरेशन थिएटरचे मिळून १,४०,०००, आणि इम्प्लांट, औषधं व तपासण्यांचे १,३०,०००. एकूण बिल ३,०२,०००.

खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची घेतल्यामुळे कंपनी खोलीचे निम्मेच, म्हणजे १६,००० देते. बहुतेकांना वाटतं की कपात इथेच संपली. पण अशा पॉलिसीत त्याच प्रमाणात डॉक्टर, नर्सिंग, थिएटरचं बिलही कापलं जातं, कारण महागड्या खोलीबरोबर हॉस्पिटल हे दरही वाढवतात. म्हणजे १,४०,०००चे झाले ७०,०००. इम्प्लांट, औषधं, तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, ते १,३०,००० पूर्ण धरले. बेरीज २,१६,०००. यातले २० टक्के को-पेचे, म्हणजे ४३,२०० रुपये, रुग्णानं भरायचे. कंपनीनं दिले १,७२,८००. घरच्यांनी भरले १,२९,२००. विम्याची रक्कम ५ लाख होती, तिला धक्काही लागला नाही.

म्हणून दोन पॉलिसींमध्ये अडकल्यावर 'कव्हर किती' याच्या आधी 'खोलीवर मर्यादा आहे का' हे विचारावं. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं यांसाठी अनेकदा दोन वर्षांचा स्वतंत्र वेटिंग पीरियड असतो, आणि मोतीबिंदूसाठी रकमेची वेगळी मर्यादाही. साठीनंतर नेमकी हीच ऑपरेशन्स होतात. हे सगळं पॉलिसीबरोबर येणाऱ्या ग्राहक माहितीपत्रकात, म्हणजे सीआयएसमध्ये, सोप्या भाषेत देणं कंपनीवर बंधनकारक आहे. पैसे भरण्याआधीच ते मागावं. जो ते पाठवायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पॉलिसी न घेतलेली बरी.

आणि आई-बाबांना मुलांच्या फॅमिली फ्लोटरमध्ये घालण्याआधी गणित करून पाहावं. फ्लोटरचा प्रीमियम सगळ्यात मोठ्या वयाच्या सदस्यावरून ठरतो, त्यामुळे पालकांची पॉलिसी वेगळी ठेवणं अनेक घरांत स्वस्त पडतं.

बाकीचे डाव

बँकेत फंडाचे पैसे जमा झाले की केबिनमध्ये चहा मिळतो. एफडी करायला गेलेला माणूस 'एफडीसारखंच आहे, वर विमा फुकट' असं काहीतरी घेऊन बाहेर येतो. एफडी आणि विमा ही दोन वेगळी उत्पादनं आहेत, आणि लॉकर किंवा कर्जासाठी विमा घेण्याची सक्ती करता येत नाही. कागदावर 'पॉलिसी' हा शब्द दिसला की सही न करता तो कागद घरी आणावा.

'पहिल्या हप्त्यातले काही पैसे मी परत देतो' ही ऑफर गोड वाटते. विमा कायदा, १९३८च्या कलम ४१नुसार अशी सूट देणं आणि घेणंही गुन्हा आहे, दंड १० लाखांपर्यंत होऊ शकतो.

'तुमची कंपनी क्लेम देत नाही, आमच्याकडे पोर्ट करा' असं म्हणणाऱ्याला नव्या पॉलिसीचं कमिशन मिळणार असतं. पोर्ट करणं चुकीचं नाही. पण नवी कंपनी आरोग्य पाहून नकार देऊ शकते. तिचा लेखी होकार येईपर्यंत जुन्या पॉलिसीचं नूतनीकरण थांबवू नये. आधी क्लेम घेतला होता म्हणून जुनी कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा, तर कंपनीला आधी नियामकाशी चर्चा करावी लागते, असा आदेश आयआरडीएआयनं जानेवारी २०२५ मध्ये दिला आहे.

'आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय' असा फोन आला तर तो सरळ कट करावा. नियामक विमा विकत नाही आणि बोनसही वाटत नाही. 'जीएसटी भरा म्हणजे रक्कम सुटेल' असं कुणी म्हणत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या प्रीमियमवर जीएसटीच नाही.

पॉलिसी घेऊन झाली असेल तर?

पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवस 'फ्री लूक'चे असतात. त्यात पॉलिसी परत करता येते. तपासणीचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि तितक्या दिवसांचा प्रीमियम वजा करून पैसे परत मिळतात. ही सोय नव्या पॉलिसीला आहे, नूतनीकरणाला नाही. या दिवसांत सगळ्यात आधी पॉलिसीसोबत आलेली प्रपोजल फॉर्मची प्रत उघडावी. 'पूर्वीचे आजार: नाही' असं दिसलं, तर कंपनीला त्याच दिवशी ईमेल करून खरी माहिती कळवावी.

क्लेम नाकारला गेला तर कोणत्या अटीवरून, हे कंपनीला लेखी सांगावं लागतं, आणि कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय नकार देता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही आणि वकील लागत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो मान्य नसेल, तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. तिथे जाताना प्रपोजल फॉर्म, नकाराचं पत्र, डिस्चार्ज कार्ड आणि एजंटशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं, एवढं सोबत न्यायचं.