असल आणि तालीक : टपालाच्या दुसऱ्या प्रतीची कुळकथा

शास्त्री नदी जेथे समुद्रास मिळते तेथे, खाडीच्या दक्षिण तीरावर उभा असलेला जयगड विजापूरकरांनी सोळाव्या शतकात बांधला. पुढे संगमेश्वरच्या नाईकाने पोर्तुगीज आणि विजापूरकर यांच्या १५८३ व १५८५ सालच्या संयुक्त चढायांना तोंड देऊन तो राखला, १७१३ साली बाळाजी विश्वनाथांनी शाहू महाराजांच्या वतीने कान्होजी आंग्र्यांशी केलेल्या तहानंतर तो आंग्र्यांकडे नांदला, आणि १८१८च्या जून महिन्यात इंग्रजांच्या स्वाधीन झाला. इतक्या हातांतून गेलेला किल्ला कोणाचा, हे त्याच्या बुरुजांकडे पाहून कळत नाही. ते कागदावरून कळते, आणि कागद एकच असेल तर तो ज्याच्या मुठीत त्याचाच दावा खरा ठरतो. ई-मेलच्या सर्व्हरवरील समग्र डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर अहोरात्र उतरवीत राहण्याची जी विद्या आज मोठमोठ्या कचेऱ्यांतून चालते, तिची कुळकथा सांगावयास बसलेल्याने प्रथम मराठी दफ्तराच्या उंबरठ्यावर थोडे थांबावे, असे मला वाटते. या दोहोंत वंशपरंपरेचे नाते अर्थातच नाही; परंतु ज्या भयातून दोन्ही जन्मली ते भय एकच आहे.

मराठी राज्यात सरकारी पत्र कचेरीबाहेर पडावयाचे ते बारनिशीत, म्हणजे पत्रांच्या नोंदवहीत, त्याची नोंद झाल्यावर, आणि तसा शेरा पत्रावर पडल्यावर. वतनदारास दिलेल्या पत्राच्या अखेरीस अधिकाऱ्यास आज्ञा असे की, याची तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घ्यावी आणि असल पत्र धन्यास भोगवट्यासाठी परत द्यावे. म्हणजे एकाच व्यवहाराची खूण तीन ठिकाणी राहिली: हुजूर दफ्तरात नोंद, महालाच्या कचेरीत तालीक, वतनदाराच्या पेटीत असल. यांपैकी एखादी वाळवीने खाल्ली वा दंग्यात जळाली, तरी उरलेल्या दोहोंवरून ती पुन्हा उभी करता येई. रस्त्यावरील जोखमीचाही विचार होताच. म्हणूनच जासुदांस जोडीने रवाना करण्याची चाल पडली होती. ईस्ट इंडिया कंपनीचा रिवाजही याच जातीचा होता, कारण लंडनला जावयाचा खलिता ती एका जहाजावर आणि त्याची प्रत दुसऱ्या जहाजावर घाली, आणि एक जहाज बुडाले तरी मजकूर पोहोचे.

विद्युत्-टपालाच्या इतिहासात या कल्पनेचा पहिला नामांकित अवतार कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत झाला. तेथील बिरेल, लेव्हिन, नीडहॅम आणि श्रोडर या चौघांनी १९८२ साली ‘ग्रेपवाइन’ नावाच्या यंत्रणेचे वर्णन प्रसिद्ध केले. तीत सभासदांच्या नावांची नोंदवही अनेक सर्व्हरांवर प्रतिरूपाने राही. परंतु पत्रांची मात्र प्रत निघत नसे. त्याऐवजी प्रत्येक सभासदास निरनिराळ्या सर्व्हरांवर एकाहून अधिक टपालपेट्या दिलेल्या असत. एक सर्व्हर बंद असला तर नवे पत्र दुसऱ्या पेटीत पडे. येणारे टपाल अडत नसे हे खरे, पण बंद पडलेल्या पेटीतील पत्रे ती पेटी उघडेपर्यंत तशीच अडकून राहत. ही उणीव मला फार बोधप्रद वाटते, कारण सेवा चालू राहणे आणि संचय शाबूत राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तिच्यात स्पष्ट दिसते.

संचय शाबूत राखण्याची युक्ती टपालवाल्यांनी नव्हे, डेटाबेसवाल्यांनी दिली. आणि ती म्हणजे बारनिशीच होय. डेटाबेसमध्ये कोणताही फेरफार करण्यापूर्वी तो प्रथम लॉग नावाच्या क्रमवार नोंदवहीत लिहावा, मगच मूळ पानास हात लावावा, असा हा नियम. म्हणजे मध्येच वीज गेली तर नोंदवही पुन्हा वाचून पाने जशीच्या तशी उभी करता येतात. या शास्त्राची अत्यंत पद्धतशीर मांडणी मद्रासच्या आयआयटीतून शिकून गेलेल्या सी. मोहन यांनी आयबीएममधील सहकाऱ्यांसह १९९२ साली केली. एकदा हे ध्यानी आले की पुढची पायरी अटळच म्हणावी लागते: ज्या वहीवरून मोडलेले घर स्वतःच उभे राहते, ती वही दुसऱ्या गावी पाठवली तर तेथेही तसेच घर का उभे राहू नये?

तरीही टपालाचे सर्व्हर या पायरीवर फार उशिरा आले. १९८९ साली निघालेल्या लोटस नोट्समध्ये प्रती होत्या, पण प्रत्येक प्रतीत स्वतंत्रपणे लिहिण्याची मुभा होती, आणि एकाच कागदावर दोघांनी दोन ठिकाणी लिहिले की तंट्याचा निशाणीदार कागद निर्माण होई. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या टपाल-सर्व्हरने १९९७ सालच्या आवृत्तीत दोन यंत्रे एकाच साठ्यावर बसवली, त्यामुळे यंत्र मेले तरी सेवा जगली. साठा मेला तर मात्र दोन्ही यंत्रे निरुपयोगी. अखेर २००७च्या आवृत्तीत लॉगच्या फायली एकेक मेगाबाइटच्या करून, भरलेली फाइल दुसऱ्या सर्व्हरकडे रवाना करणे आणि तेथे तिची पुनरावृत्ती करणे सुरू झाले. पूर्वी ती फाइल पाच मेगाबाइटची असे, आणि लहान केल्याने हरवण्याजोगा मजकूरही तितकाच घटला. २०१०च्या आवृत्तीत सोळापर्यंत सर्व्हरांचा एक समुदाय बांधता येऊ लागला. त्यात कोणत्याही क्षणी एका डेटाबेसची एकच प्रत असल मानली जाते. बाकीच्या तालिका लॉग वाचीत मुकाट्याने मागोमाग चालतात.

आता जुन्या वतनतंट्यातला प्रश्न पुन्हा उभा राहतो. दोन गावांतील सर्व्हरांमधील तार तुटली आणि दोघेही आपणच असल असे म्हणू लागले, तर खरा कोण? मराठी मुलखात अशा प्रसंगी गोत, म्हणजे गावकरी-वतनदारांची सभा, जमे आणि साक्षीनिशी महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, होई. येथेही मताधिक्य मोजले जाते, आणि समुदायातील सर्व्हर समसंख्य असतील तर साक्षीदार सर्व्हराचे मत जमेस धरतात. त्याच्याकडे कोणाचेही पत्र नसते, वतनात त्याचा काडीचा हिस्सा नसतो. ज्या पक्षाकडे बहुमत नाही त्याने आपले डेटाबेस आपण होऊन बंद करावयाचे असतात. एवढी विनयशीलता आमच्या देशमुख-देशपांड्यांच्या भाऊबंदकीत अभावानेच आढळली असेल.

प्रत कोठे ठेवावी, हे कोकणाला कोणी शिकवण्याची गरज नाही. चिपळूणच्या १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिरात २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ अशा दोन्ही वेळा वाशिष्ठीचा पूर शिरला. अशा जागी दुसरी प्रत शेजारच्या कपाटात असून काय उपयोग? जयगडला २००९ सालापासून मोठ्या जहाजांचे खासगी बंदर चालू आहे, आणि जहाजांचे कागदपत्र जहाजांच्या आधी ई-मेलने येण्याचा हा काळ आहे. समुद्र खवळलेल्या रात्री ते कागद किनाऱ्यावरच्या एकाच खोलीवर विसंबून असू नयेत, हे सांगावयास अभियंता कशाला हवा.

मात्र या साऱ्या व्यवस्थेत एक मर्म आहे. तालीक जितकी तत्पर, तितकी ती असल प्रतीतील चूकही तत्परतेने उतरवते. कोणी चुकून वा दुष्टबुद्धीने पत्रे पुसली तर ती सर्व प्रतींतून काही क्षणांत पुसली जातात. म्हणून सावध व्यवस्थापक एक प्रत मुद्दाम मागे ठेवतात: लॉग तिच्याकडे तत्काळ पोहोचतात, पण त्यांचा अंमल चौदा दिवसांपर्यंत लांबवता येतो, आणि घात लक्षात येताच त्याच्या आदल्या क्षणाशी तिला थांबवून पूर्वस्थिती परत मिळवता येते. चौदा दिवसांनंतर उमगलेली चूक मात्र त्या प्रतीतही उतरलेली असते, आणि मग कपाटातला जुना बॅकअप हुडकावा लागतो.