उताऱ्यात आहे तेवढेच

आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत संध्याकाळी स्पर्धा परीक्षांची मुले बसतात. २०११ पासून संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत कल चाचणीचा पेपर आला आणि आकलनाच्या उताऱ्यांना महत्त्व आले. मी पडलो बी.ए., त्यातून कवी. गणित मला कोणी विचारत नाही. उतारे मात्र माझ्याकडे असतात. ते मी विज्ञानाच्या इतिहासावरून तयार करतो.

परवाचा उतारा असा होता: वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. या एकोणीसही जणांची लस एकाच बाटलीतली होती. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता.

प्रश्न होता, ‘उताऱ्यावरून निश्चितपणे काय म्हणता येईल?’ बहुतेकांनी ‘लस प्रयोगशाळेतच दूषित झाली’ या पर्यायावर खूण केली. एका मुलीने मात्र निवडले, ‘मृत्यू एकाच बाटलीशी जोडलेले होते.’

मी मुद्दाम विचारले, ‘‘चिमट्यामुळे जंतू गेले, हा पर्याय का नाही घेतलास?’’

ती म्हणाली, ‘‘चाचा, चिमटा पडला एवढंच लिहिलंय. संशय घेता येईल, पण निश्चित कसं म्हणायचं?’’

मंडळी, मुलांची चूक तशी नवी नव्हती. सरकारी चौकशीनेही तोच निष्कर्ष काढला, प्रयोगशाळेला दोषी धरले आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. पुढे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी तोच पुरावा पुन्हा नीट वाचला. जंतू बाटली उघडताना, गावातच शिरले असावेत, असे त्यांनी दाखवून दिले. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव मिळाले.

परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. इथे एका माणसाच्या आयुष्यातली पाच वर्षे कापली गेली. म्हणून मी मुलांना सांगतो, घड्याळ लावून वाचा, पण उत्तर आधी ठरवून उतारा वाचू नका. वर्तमानपत्र वाचतानाही नाही.