तळीराम : विशेषनामाचे सामान्यनाम

शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ मद्यपी, बढाईखोर व भित्रा. तरीही प्रेक्षकांचा लाडका. राजपद मिळताच हेन्री मात्र त्याला झिडकारतो. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या 'एकच प्याला'तील तळीराम त्याच कुळातला. आर्यमदिरामंडळाच्या बैठकीत तो मनसोक्त हसवितो; परंतु सनद काही काळ गमावलेल्या सुधाकराच्या हाती पहिला प्याला देणाराही तोच, आणि सुधाकरास त्या प्याल्यातून सुटणे साधत नाही. सिंधूच्या शोकान्ताचे बीज या विनोदातच आहे, हे हशात सहज निसटते. इंग्रजीने फॉल्स्टाफपासून विशेषण घडविले. मराठीने सबंध नामच उचलले. लोणावळा-मळवलीकडील वर्षासहलींच्या वृत्तांतही दारुडा 'तळीराम' होतो, आणि त्या शब्दात धिक्कारापेक्षा थट्टाच अधिक असते.