रामघाट : नावात उरलेली वाट

बेळगावच्या पश्चिमेला, गणेशपूर-हिंडलग्याच्या अंगाला, एका रस्त्याला 'रामघाट रोड' म्हणतात. दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर, रिक्षावाल्याच्या तोंडी हे नाव रोज येते. परगावचा पाहुणा सहज विचारतो, "इथं घाट कुठाय? नदी तर दिसत नाही." घरातल्या मुलांना उत्तर देता येत नाही. त्यांना वाटते, जवळपास एखादे रामाचे देऊळ असेल. खरा घाट तिथून पन्नासएक किलोमीटरवर, चंदगड तालुक्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या ऐन धारेवर आहे. मालाची मुख्य वाहतूक तिथून उठली त्याला शंभरावर वर्षे झाली. तरी ज्या दिशेने बैल निघत, त्या दिशेच्या रस्त्याने ते नाव अजून सोडलेले नाही.

आम्ही चौघे-पाच मित्र रविवारी सकाळी डोंगरात जातो आणि दिवेलागणीला घरी परततो. एक शाळामास्तर, एक मोजणीखात्यातून निवृत्त झालेले, एक शेतीच्या अवजारांचा दुकानदार, आणि बाकीचे आमच्यासारखे, ज्यांना घरचे लोक 'उगाच हिंडणारे' म्हणतात. फडक्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक कोयती, एवढेच सामान. पायवाट संपली की पुढे काय आहे ते बघायचे, हा आमचा छंद. या छंदापायी महिपाळगड, कलानिधीगड, गंधर्वगड, पारगड हे चंदगडचे किल्ले पालथे घालून झाले, आणि त्यांतूनच रामघाटाचा नाद लागला. किल्ला जागचा हलत नाही, त्याचा पत्ता सापडतो. वाटेचे तसे नाही. ती चालणाऱ्यांच्या पायांवर जगते आणि पाय थांबले की रान तिला गिळून टाकते.

घाटवाटांचा इतिहास मुळात मिठाचा इतिहास आहे. देशावर मीठ पिकत नाही आणि कोकणात पोटापुरते धान्य पिकत नाही, म्हणून सह्याद्रीच्या भिंतीला माणसाने ठिकठिकाणी भोके पाडली. खालून मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी वर यायची. वरून गूळ, मिरची, कापूस, कापड, धान्य खाली जायचे. वाहतूक पाठीवरच्या गोणींतून. वंजारी-लमाणांचे तांडे शेकडो बैल घेऊन उतरत. त्यांची वर्षाची घडी पावसाळ्यावर बेतलेली असे. पावसात समुद्र बंद आणि घाटही बंद, दिवाळी झाली की दोन्ही उघडत. आपण दिवाळीला वर्षाचा सण म्हणतो, घाटवाटेच्या माणसाला तो हंगामाचा पहिला दिवस होता.

रामघाटाच्या खालच्या टोकाला भेडशी, पुढे सावंतवाडीचा मुलूख आणि त्याच्याही पलीकडे वेंगुर्ल्याचे बंदर. सतराव्या शतकात डच लोकांनी वेंगुर्ल्याला वखार घातली होती. बारदेश पोर्तुगिजांचा, भोवतालचा प्रदेश आदिलशाहीचा, मधे सावंत, आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारा सह्याद्रीचा माथा. शिवाजी महाराजांनी १६६७ मध्ये बारदेशावर स्वारी केली, १६६८ मध्ये नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार केला आणि १६७५ मध्ये फोंड्याचा किल्ला घेतला. ही तीन वर्षे डोळ्यांपुढे ठेवून पारगडाच्या पश्चिम कड्यावर उभे राहिले, म्हणजे तो गड तिथे का, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. पायाखाली दोडामार्गाचे रान, त्यामागे गोव्याची निळी टेकाडे. घाटातून वर येणारा-खाली जाणारा माणूस गडाच्या टापूत येतोच.

पारगडावर तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा यांना किल्लेदार नेमले, आणि चंद्रसूर्य असेपर्यंत गड जागता ठेवण्याची आज्ञा महाराजांनी केली, अशी तिथली परंपरा सांगते. परंपरेचा कागद कुठे आहे, असा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावा, तो त्याचा धर्मच आहे. पण गडावर आजही मालुसऱ्यांची आणि त्यांच्या सोबत्यांची घरे आहेत, भवानीचे देऊळ आहे, सणवार होतात. ज्या गडावर पिकण्याजोगे फार थोडे आणि बाजार लांब, तिथे ही वस्ती नुसत्या सोयीने टिकलेली नाही. एवढा पुरावा माझ्यासारख्याला पुरतो.

१८१८ च्या एप्रिलमध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि रामघाटाचे दिवस पालटले. बेळगावात मोठी छावणी बसली. पलटणीला दारूगोळा, कापड, दारू, टपाल, गोरे अधिकारी आणि त्यांच्या मडमा, हे सगळे मुंबईहून समुद्रमार्गे येणार. त्यासाठी जवळचे बंदर वेंगुर्ले, आणि ते १८१२ पासून इंग्रजांकडेच होते. १८१९ मध्ये सावंतवाडीशी तह झाला. मधला दुवा राहिला घाटाचा. तोही साधला, आणि बेळगाव-वेंगुर्ल्याची मुख्य वाट रामघाटातून चालू लागली. बेळगावच्या छावणीच्या बाजूने निघणाऱ्या रस्त्याला घाटाचे नाव पडले ते याच वाहतुकीमुळे.

पण जी वाट पलटणीला वर आणते, तीच बंडखोरालाही लपवते. १८४४ साली सामानगडच्या गडकऱ्यांनी हत्यार उचलले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वतनी जमिनी नव्या कारभाऱ्यांच्या हाताखाली जाणार, हे त्यांचे दुखणे. ऑक्टोबरात सामानगड पडला, तोवर आग सावंतवाडीत पोचली होती. फोंड सावंत तांबुळकर आणि त्यांचे साथीदार रानात उतरले. १८४५ च्या आरंभी इंग्रजांनी मनोहर-मनसंतोष गड घेतले. या मोहिमेत कर्नल आउट्रम होता, पुढे लखनौमुळे गाजलेला तोच. बंडवाले सरहद्द ओलांडून गोव्यात गेले. १८५८ मध्ये फोंड सावंतांच्या मुलांची नावे पुन्हा निघतात, ती सुपे भागाच्या रानातल्या उठावात. शिपायांच्या पुस्तकी लढाया मैदानात झाल्या. आमच्याकडचे सत्तावन्न मात्र करवीच्या जाळीत आणि कारवारच्या वेशीवर घडले. म्हणून त्याला पुतळे कमी आणि गोष्टी जास्त.

रामघाट मेला तो बंडाने नव्हे, चढाने. पाठीवर गोणी असलेला बैल पायऱ्यापायऱ्यांनी सरळ उतरतो. गाडीला ते जमत नाही. गाडीला सैल वळणे लागतात, लांबचा फेरा लागतो, आणि रामघाटाचा उतार त्या मानाने कडक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेला पारपोली घाट, म्हणजे आजचा आंबोली घाट, गाडीरस्त्यासाठी बांधून काढला. कर्नल वेस्ट्रॉपने आंबोलीला थंड हवेच्या ठिकाणाचे रूप दिले आणि साहेबांची पावले तिकडे वळली. दुसरा घाव रेल्वेचा. १८७८ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज करार झाला, त्यातून मुरगाव बंदराला जोडणारी लोहमार्गाची योजना पुढे सरकली, आणि १८८७-८८ च्या सुमारास बेळगावला आगगाडी आली व कॅसलरॉकमार्गे गोव्याचा घाटही रुळांनी जोडला गेला. कापसाच्या गाड्या वेंगुर्ल्याला जायच्या थांबल्या. बंदर ओस पडू लागले, मग घाटही.

आता त्या वाटेचे काय उरले आहे? आम्ही ती टप्प्याटप्प्याने, कोरड्या दिवसांत, वरच्या अंगाने शोधत हिंडलो. जुनी वाट ओळखण्याच्या खुणा पुस्तकात नसतात, त्या आमच्या मोजणीवाल्या मित्राकडून शिकलो. रानात उतार एकसारखा मिळू लागला, ना जास्त ना कमी, तर समजावे की तो निसर्गाने नव्हे, माणसाने धरला आहे. डोंगराच्या बाजूला कापलेली उभी दरड आणि दरीच्या बाजूला चुन्याविना रचलेल्या धोंड्यांचा कठडा, अशी जोडी दिसली की बहुधा खाली रस्ता आहे, वर कितीही पाला साचला असला तरी. ओहोळ आडवा आला, तर पाणी आडवणारे नव्हे, पाणी काढून देणारे दगड शोधावेत. एका ओळीत जुने आंबे-वड उभे असतील तर तेही विचारात घ्यावे, कारण ऐन, किंजळ, अंजनी, जांभूळ आपोआप उगवतात, ओळीने मात्र कोणी उभी करत नाही.

करवी हा आमचा मोठा वैरी. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते तेव्हा डोंगर जांभळा होतो आणि सगळे फोटो काढायला धावतात. एरवी ती पुरुषभर उंच वाढून चार हातांपलीकडचे दिसू देत नाही. गारंबीच्या वेली झाडाझाडांवर दोरखंडासारख्या लोंबतात. गव्याचा कळप गेला असेल तर त्याची वाट हुबेहूब माणसाच्या वाटेसारखी दिसते. फरक एवढाच, की गवा पाण्याला जातो आणि माणूस गावाला.

एकदा अशाच एका फाट्यावर आम्ही वाद घालत उभे होतो. धनगरवाड्यातले एक म्हातारे म्हशी वळवत आले. "कुठं चाललासा?" त्यांनी विचारले. रामघाट म्हटल्यावर हसले. "कंचा? बैलाचा का गाडीचा?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. मास्तर म्हणाले, "बाबा, दोन हाईत व्हय?" म्हाताऱ्यांनी काठीने आधी खाली, मग डावीकडे दाखवले. "ह्यो बैलाचा, सरळ पडतोय. गाडीचा असा वळसा घिऊन. आमचा आज्जा सांगायचा." नकाशावर एक नाव आणि एक रेघ. म्हाताऱ्यांच्या आजोबांच्या बोलण्यात मात्र दोन वाटा, आणि त्या दोन वाटांत गोणीच्या व्यापारापासून गाडीच्या व्यापारापर्यंतचा सारा बदल. पुढे आम्ही दोन्ही उतार थोडे थोडे चालून पाहिले. काठीने दाखवलेली दिशा अगदी बरोबर होती.

घाटमाथ्यावर एक गंमत आहे. तिथे पडलेल्या पावसाला दोन समुद्र आहेत. पश्चिमेचे पाणी तिलारीत उतरते, तेच पुढे गोव्यात शापोरा होऊन अरबी समुद्राला मिळते. पूर्वेचे पाणी चंदगडच्या ताम्रपर्णीसारख्या नद्यांतून घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. दोन हातांवर पडलेले थेंब शेकडो मैल लांब होतात. माणसांचेही इथे तसेच झाले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. त्या दिवशी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड मागे राहून पुढे कोल्हापूर जिल्ह्यात मोडू लागला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. म्हणजे एका व्यापारी वाटेचे आरंभस्थान कर्नाटकात, माथा महाराष्ट्रात, आणि पायथ्याचे पाणी गोव्यात. शिनोळीच्या फाट्यावर पाट्यांची लिपी बदलते. पलीकडच्या शिवारात मामाचे घर आणि अलीकडे भाच्याचे, हे मात्र बदललेले नाही.

सीमाप्रश्नावर आपण पुष्कळ लिहिले, बोललो, सोसले. त्यात एक गोष्ट मागे पडली, ती अशी, की हा मुलूख एक होता याचा सगळ्यात जुना साक्षीदार कोणत्याही आयोगापुढे गेला नाही. तो या रानात पडून आहे. मिठाची गोणी उतरवणाऱ्याने भाषा विचारली नव्हती. तांड्याची बोली वेगळी, जकातदाराची मराठी, खालच्या वाडीची कोकणी, बाजाराची कानडी, आणि वाट सगळ्यांची. आपली मुले घरी मराठी, शाळेत कानडी-इंग्रजी बोलतात म्हणून आपण काळजीत पडतो. काळजी खरी आहे. पण त्या घाटाने हे दुभाषेपण कितीतरी पिढ्या ओझ्यासारखे नव्हे, शिदोरीसारखे वाहिले.

भेडशीच्या बाजूचे पुष्कळ रान २०२० पासून तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले आहे. वाघाची वाट जपायची तर माणसाने आपली वाट थोडी सोडावी, हे मला पटते. म्हणून घाट पुन्हा फोडून रुंद करा, असे मी म्हणणार नाही. वनखात्याची परवानगी घेऊन, गावातला माणूस बरोबर घेऊन, आवाज न करता जावे आणि प्लास्टिकचा कागदसुद्धा मागे ठेवू नये. कठड्याचा एक दगडही हलवू नये.

जपायचे आहे ते दुसरेच. 'बैलाचा का गाडीचा' हा प्रश्न विचारू शकणारी माणसे आता मोजकी राहिली आहेत. ती ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांची नातवंडे पुण्यात, गोव्यात नोकरीला आहेत. ओहोळांची, खिंडींची, तळ पडायच्या जागांची नावे त्यांच्या तोंडी आहेत. मोजणीच्या नकाशावर त्यांतली फार थोडी उतरली, आणि मोबाइलच्या नकाशावर तर तिथे नुसता हिरवा डाग दिसतो. माणूस गेला की नाव जाते. नाव गेले की वाट शोधायला कोणी निघत नाही.

तेव्हा या दिवाळीत गावी जाल, आजोळी जाल, तर फराळाच्या ताटाशेजारी एक वही ठेवा. आजोबांना, मामांना विचारा, तुमच्या शिवारातून कोणती वाट कुठे जायची, तिच्यावर पाणी कुठे होते, बैल कुठे सोडत. सांगतील तसे, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. देवनागरीत लिहा, कानडीत लिहा, मुलांच्या हाताने लिहून घेतलेत तर आणखी चांगले. रामघाट रोडवर राहणाऱ्या एखाद्या मुलीने पाहुण्याला उलट सांगावे, "काका, घाट इथं नाही, पण वाट इथूनच निघायची," एवढे झाले तरी त्या बैलांचे चालणे वाया गेले नाही.