कोरोमंडलची टाचणी, अकोल्याचं पाणी

आजचा भाग एका किड्यावर आहे. थांबा, स्किप करू नका.

जठारपेठेत आमच्या गच्चीवर आईनं टबात कमळ लावलंय. पावसाळ्यात त्यावर एक पिवळीधम्मक काडी येऊन बसते, पंख पाठीवर मिटून. ही टाचणी. पंख पसरून बसतो तो चतुर; ज्याच्या शेपटीला दोरा बांधून आपण 'हेलिकॉप्टर' उडवायचो ना, तो. (माफ कर बाप्पा.)

हिचं शास्त्रीय नाव सेरिअॅग्रिऑन कोरोमंडेलियानम. आता वऱ्हाडातल्या गच्चीवर कोरोमंडल कुठून आलं? तर तामिळ किनाऱ्यावरचं तरंगंबाडी १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होतं. तिकडचे किडे जहाजानं युरोपात जायचे. १७९८ साली लिनियसचा डॅनिश शिष्य फाब्रिसिउस यानं हिला किनाऱ्याचं नाव दिलं. १८७६ मध्ये बेल्जियमच्या सेलिसनं नवी प्रजाती पाडली, म्हणजे आडनाव बदललं. 'कोरोमंडल' तसंच राहिलं. आमच्या कोडमध्येही असंच होतं, पहिल्यानं ठेवलेलं नाव कोणी बदलत नाही. पुढे फ्रेझर नावाच्या लष्करी डॉक्टरनं १९३३ ते १९३६ मध्ये भारतातल्या चतुर-टाचण्यांवर तीन खंड लिहिले. ही टाचणी पहिल्याच खंडात आहे.

नावाचा इतिहास असा मिळतो. पाण्याचा मात्र आपणच शोधायचा.

टाचणीला साचलेलं किंवा संथ पाणी लागतं, आणि त्यात वनस्पती. नर मादीची मान शेपटीच्या टोकानं धरून ठेवतो आणि मादी पानाच्या, देठाच्या आत अंडी घालते. पिल्लं पाण्यातच वाढतात, शेपटीवरच्या तीन पानांसारख्या कल्ल्यांनी श्वास घेतात, डासांच्या अळ्या खातात. म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन संपला की यांचं अवघड.

आता मोर्णा पाहा. जिच्या काठावर १६९७ चा असदगड उभा आहे, ती नदी शहरात सांडपाणी आणि जलकुंभीनं भरली. १३ जानेवारी २०१८ ला सहा हजारांवर अकोलेकर नदीत उतरले, चार किलोमीटरचे काठ साफ केले. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं. मला त्याचा अभिमान आहे, खरंच. पण जलकुंभी हे लक्षण होतं. ती सांडपाण्यातल्या खतावर वाढते; नाले तसेच वाहत राहिले तर ती परत येणारच. आणि सगळी झाडोरी खरवडून सिमेंटचा काठ बांधला, तर टाचणीनं अंडी घालायची कुठं?

काल आईनं टबातलं शेवाळ काढायला घेतलं होतं. मी म्हटलं, आई, अर्धं राहू दे. ती म्हणाली, डास होतील न रे. मग तिला पिल्लं दाखवली.